गाडगे महाराज

गाडगे महाराज (मूळ नाव : डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म : २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, जिल्हा अमरावती, मृत्यू : २० डिसेंबर १९५६, वलगावजवळ, जिल्हा अमरावती) हे महाराष्ट्रातील कीर्तनकार व समाजसुधारक होते. गाडगेबाबा या नावानेही ते ओळखले जातात. ग्रामस्वच्छता, शिक्षणप्रसार, अस्पृश्यतानिवारण आणि यात्रेकरूंसाठी बांधलेल्या धर्मशाळा यांसाठी त्यांचे नाव घराघरांत पोहोचले आहे. व्यसनमुक्तीचे त्यांचे कार्यही तितकेच महत्त्वाचे आहे. दारूमुळे वडील, शेती आणि घर गमावलेल्या या मुलाने पुढे अर्धशतक वऱ्हाडात व वऱ्हाडाबाहेर कीर्तनाच्या माध्यमातून लोकांना व्यसनापासून सोडवण्याचा प्रयत्न केला. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राचा आढावा घेताना या कार्याचा विशेष परामर्श घेतला आहे.

बालपण आणि वडिलांचे व्यसन

डेबूजींचा जन्म परीट समाजातील झिंगराजी व सखुबाई या दांपत्याच्या पोटी झाला. शेंडगाव हे आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील गाव. घरची परिस्थिती सुरुवातीला बरी होती. पुढे झिंगराजींना दारूचे व्यसन जडले.

त्या काळच्या वऱ्हाडात अनेक जातीजमातींच्या कुळाचारात बकऱ्याचा बळी आणि दारू यांना मानाचे स्थान होते. बारसे असो, लग्न असो वा नवस फेडणे असो, जेवणावळीत मद्य व मांस नसेल तर यजमानाचा कमीपणा समजला जाई. देवाचा प्रसाद म्हणून पुढे आलेला पेला नाकारणे सामान्य माणसाला अवघड होते. झिंगराजींचे व्यसनही अशाच वातावरणात वाढल्याचे चरित्रग्रंथांतून दिसते. दारूपायी घरातील चीजवस्तू आणि जमीन गेली, शरीर खंगले आणि १८८४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वेळी डेबूजी आठ वर्षांचे होते. मुलाला दारूपासून आणि दारू-मांस मागणाऱ्या देवकार्यांपासून दूर ठेवावे, अशी इच्छा झिंगराजींनी शेवटच्या दिवसांत पत्नीजवळ व्यक्त केली, असे चरित्रकार सांगतात.

दापुऱ्याचे दिवस

पतीच्या निधनानंतर सखुबाई मुलाला घेऊन माहेरी दापुरा येथे आल्या. हे गाव अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात आहे. डेबूजींचे आजोबा हंबीरराव व मामा चंद्रभान यांच्या घरी शेती होती. डेबूजींना शाळा लाभली नाही. गुरे राखणे, औत हाकणे, पिकाची राखण करणे यांत त्यांचे बालपण गेले. रात्री गावातील भजनात ते रमत. अक्षरओळख नसली तरी संतांचे अभंग त्यांना मुखोद्गत झाले आणि पुढे कीर्तनात तेच त्यांच्या कामी आले.

मामांच्या घरावरही कर्जाचे संकट आले. सावकाराकडे गहाण पडलेली जमीन सोडवण्यासाठी पैसे भरूनही हिशेब संपत नव्हता, कारण कागदावर काय लिहिले आहे हे घरातील कोणालाच वाचता येत नव्हते. मामांच्या निधनानंतर सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली, तेव्हा तरुण डेबूजींनी त्यांना विरोध केला. शेंडगावी दारूने घर बुडाले होते, दापुऱ्यात कर्ज आणि निरक्षरता यांनी तीच वेळ आणली. हे दोन्ही अनुभव त्यांच्या पुढील शिकवणीच्या मुळाशी आहेत. दारू, कर्ज, खर्चिक सणसमारंभ आणि निरक्षरता ही त्यांच्या दृष्टीने चार निरनिराळी संकटे नसून एकाच साखळीच्या कड्या होत्या.

बारशाचे जेवण

१८९२ मध्ये डेबूजींचा विवाह कुंताबाई यांच्याशी झाला. पहिल्या कन्येच्या, आलोकाच्या, बारशाला रीतीप्रमाणे दारू व मटणाचे जेवण अपेक्षित होते. डेबूजींनी ते देण्यास नकार दिला आणि जमलेल्या मंडळींना गोडाचे जेवण वाढले. भाऊबंदांत नाराजी उमटली, जातीची रीत मोडल्याचा ठपका आला. तरी ते बधले नाहीत.

त्यांच्या व्यसनविरोधी कार्यातील ही पहिली सार्वजनिक कृती मानता येईल. त्यांनी बारसे टाळले नाही किंवा पाहुण्यांना उपाशी परत पाठवले नाही. समारंभ झाला, पंगत बसली, आग्रह झाला. बदलले ते केवळ ताटातील पदार्थ. एखादी प्रथा सोडायला सांगताना तिच्या जागी माणसांना एकत्र आणणारे दुसरे काही द्यावे लागते, ही जाण या प्रसंगात दिसते. पुढे भंडाऱ्यांच्या निमित्ताने त्यांनी हीच रीत मोठ्या प्रमाणावर राबवली. बळी आणि मद्य यांच्याशिवाय हजारोंची पंगत आनंदाने उठू शकते, हे लोकांना प्रत्यक्ष पाहायला मिळाले.

गृहत्याग आणि वेश

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा आणि मातीचे गाडगे एवढाच त्यांचा संसार होता. त्या गाडग्यात ते भाकरी घेत, पाणी पीत आणि उन्हापावसात तेच डोक्यावर घालत. यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. एखाद्या गावात शिरले की ते प्रथम रस्ते व गटारे झाडून काढत. भाकरी मागताना तिच्या मोबदल्यात लाकडे फोडणे, झाडलोट करणे असे काही काम करण्याचा त्यांचा शिरस्ता होता. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. कोणी पाया पडू लागल्यास ते संतापत आणि प्रसंगी काठी उगारत.

कीर्तनाची पद्धत

दिवसा गाव झाडून झाल्यावर रात्री कीर्तन होई. देवकीनंदन गोपाला या नामघोषाने ते रंगत असे. पारंपरिक कीर्तनातील पूर्वरंग-उत्तररंगाची चौकट त्यांनी फारशी पाळली नाही. त्यांची भाषा वऱ्हाडी, उदाहरणे शेताशिवारातील आणि पद्धत प्रश्नोत्तरांची होती. ते श्रोत्यांना साधेसाधे प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याकडूनच घेत. दारूला दररोज किती पैसे लागतात, महिन्याचे किती होतात, वर्षाचे किती, तेवढ्यात बैल आला असता का, मुलाच्या शाळेचा खर्च भागला असता का, अशा धाटणीने हिशेब पुढे सरके. शेवटचा आकडा श्रोत्यांच्याच तोंडून येई.

या पद्धतीचे तीन विशेष सांगता येतात. पहिला म्हणजे श्रोत्याला निष्कर्ष आयता मिळत नसे. तो त्याला स्वतः काढावा लागे आणि म्हणून त्याला तो आपला वाटे. दुसरा म्हणजे विनोद. श्रोते स्वतःच्याच वागण्यावर खळखळून हसत आणि हसताहसता अंतर्मुख होत. तिसरा विशेष म्हणजे एकट्या माणसाला भर सभेत उभे करून लाजवण्याऐवजी ते साऱ्या गावाच्या रीतीविषयी बोलत. दारू पिणारा, त्याला पाजणारे भाऊबंद, उधार देणारा सावकार आणि नवसाला बकरे मागणारा भगत हे सर्व एकाच कथेतील पात्रे म्हणून समोर येत.

कर्ज काढून तीर्थयात्रा वा सण करू नका, देवापुढे मुके जनावर कापू नका, दारूला शिवू नका, शिवाशीव पाळू नका, घरातली भांडी विकावी लागली तरी चालेल पण मुलांना शिकवा, हे त्यांच्या कीर्तनांतील नित्याचे आशय होते.

व्यसनाकडे पाहण्याची दृष्टी

इंग्रजी अमलात दारूच्या दुकानांचे परवाने लिलावाने दिले जात आणि अबकारी कर हे सरकारी उत्पन्नाचे एक प्रमुख साधन होते. त्यामुळे व्यसन हा केवळ वैयक्तिक दुबळेपणा नसून त्यामागे बाजार व राजसत्ता यांचेही हितसंबंध होते. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९३८ मध्ये दारूबंदीचा कायदा झाला, तर मुंबई राज्यात १९४९ मध्ये. गाडगे महाराजांचे कार्य या कायद्यांच्या कितीतरी आधी सुरू झाले होते आणि त्याचा भर बंदीपेक्षा मनपरिवर्तनावर होता.

त्यांच्या कीर्तनात व्यसनी माणूस खलनायक नसे. तो बहुधा कष्टकरी, कर्जबाजारी, जातीच्या रीतीत अडकलेला आणि घरच्यांच्या नजरेतून उतरलेला माणूस असे. आपल्या वडिलांना त्यांनी याच रूपात पाहिले होते. दारूवर त्यांनी कठोर प्रहार केले; परंतु दारू पिणाऱ्याला कीर्तनाच्या मांडवातून बाहेर काढले नाही. सुटका हवी असलेल्याला आधी माणसांत बसायला जागा हवी, हे त्यांनी जाणले होते.

बांधकामे व संस्था

ऋणमोचन हे पूर्णा नदीच्या काठचे तीर्थक्षेत्र गाडगे महाराजांच्या सार्वजनिक कार्याची पहिली भूमी ठरले. तेथील यात्रेत घाटाअभावी होणारे यात्रेकरूंचे हाल पाहून त्यांनी १९०८ मध्ये घाटाचे काम हाती घेतले. पुढे मूर्तिजापूर येथे गोरक्षण व धर्मशाळा उभी राहिली. पंढरपूर येथे त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. नाशिक, आळंदी, देहू आदी ठिकाणीही गरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा झाल्या. अंध, अपंग व निराधार लोकांसाठी सदावर्ते सुरू झाली. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या या वास्तूंपैकी एकाही ठिकाणी त्यांनी स्वतःसाठी वा कुटुंबासाठी हक्क राखून ठेवला नाही. १९५२ मध्ये श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना होऊन या कामांना संस्थारूप आले.

व्यसनमुक्तीच्या दृष्टीनेही या वास्तूंना अर्थ आहे. यात्रा म्हणजे नवस, बळी, मद्य आणि उधळपट्टी असे समीकरण अनेक ठिकाणी रूढ होते. यात्रेकरूला स्वच्छ निवारा, अन्न आणि रात्री कीर्तन मिळाले की त्याच यात्रेचे स्वरूप पालटे.

समकालीनांशी संबंध

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गाडगे महाराज यांना परस्परांविषयी नितांत आदर होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा महाराजांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या कार्याला त्यांचा पाठिंबा होता. संस्थेने १९५४ मध्ये कराड येथे सुरू केलेल्या महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले. अमरावती जिल्ह्यातीलच राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरीभजनाच्या माध्यमातून ग्रामसुधारणा व व्यसनमुक्तीचा प्रचार करत होते. दोघांची साधने निराळी असली तरी कार्यक्षेत्र एकच होते आणि त्यांच्यात स्नेह होता.

वैयक्तिक आयुष्यातही त्यांच्या निष्ठेची परीक्षा झाली. १९२३ मध्ये कोकणातील खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना मुलगा गोविंद याच्या निधनाची वार्ता आली. त्यांनी कीर्तन थांबवले नाही.

आधुनिक उपचारपद्धतींच्या संदर्भात

गाडगे महाराजांच्या हयातीत व्यसन हा आजार मानून त्यावर उपचार करण्याची कल्पना महाराष्ट्रात रुजलेली नव्हती. अमेरिकेत १९३५ मध्ये अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही स्वमदत चळवळ सुरू झाली. महाराष्ट्रात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. समुपदेशन, गटचर्चा आणि कुटुंबाचा सहभाग हे आज अशा उपचारांचे आधारस्तंभ आहेत. १९८३ मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी मांडलेल्या प्रेरणादायी संवादपद्धतीत तर समुपदेशक उपदेश करत नाही. नेमके प्रश्न विचारून बदलाची कारणे रुग्णाच्याच तोंडून येऊ देतो. वऱ्हाडातील कीर्तनाच्या मांडवात चालणाऱ्या प्रश्नोत्तरांशी या पद्धतीचे साम्य सहज लक्षात येते.

हे साम्य दारूपुरते मर्यादित नाही. माणसाला स्वतःच्या इच्छेविरुद्ध पुन्हा पुन्हा एकाच चक्रात ओढणारे इतरही विकार आहेत. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये स्वतंत्र विकार म्हणून वर्णन केलेला बुलिमिया हा त्यांपैकी एक. यात रुग्ण थोड्या वेळात, स्वतःवर ताबा न राहता, भरमसाट खातो आणि नंतर वजन वाढण्याच्या भीतीने उलटी काढणे, जुलाबाची औषधे घेणे वा उपास करणे असे मार्ग अवलंबतो. उपासाने भूक अनावर होते, पुन्हा खाणे होते, पुन्हा लाज वाटते आणि चक्र चालू राहते. हे सारे गुपचूप चालत असल्याने घरच्यांनाही पत्ता लागत नाही. बोधात्मक वर्तनोपचारात रुग्णाला ठरावीक वेळी पुरेसे जेवण घेण्यास, खाण्याची व त्या वेळच्या मनःस्थितीची नोंद ठेवण्यास आणि शरीराविषयीचे कठोर विचार तपासून पाहण्यास शिकवले जाते. दोष न देता ऐकणारा माणूस मिळणे, ही या उपचारातील पहिली पायरी असते.

व्यसन आणि खाण्याचा विकार एकच नव्हेत. दारूपासून पूर्णपणे दूर राहता येते, अन्नापासून नाही. म्हणून बुलिमियात सोडण्यापेक्षा सुरळीत करण्यावर भर असतो. परंतु लाजेने विकार लपतो आणि लपल्याने तो बळावतो, ही गोष्ट दोन्हींत सारखी आहे. व्यसनाविषयी चारचौघांत, हसतखेळत आणि हिशेबाने बोलता येते, हे गाडगे महाराजांनी दाखवून दिले. त्यांच्या कार्याचे आजच्या वाचकाला जाणवणारे मोल येथे आहे.

मर्यादा

कीर्तन हा वैद्यकीय उपचार नव्हे. दीर्घकाळ भरपूर मद्यपान करणाऱ्याने ते एकाएकी बंद केल्यास कंप, झटके, भ्रम अशी जिवावर बेतणारी लक्षणे उद्भवू शकतात. अशा वेळी डॉक्टरांची देखरेख आवश्यक असते. बुलिमियातही वारंवार उलट्यांमुळे शरीरातील क्षारांचे संतुलन बिघडून हृदयाला धोका पोहोचू शकतो. शिवाय महाराज एका गावी फार काळ राहत नसत. सभेच्या भरात घेतलेली शपथ ते गेल्यानंतर किती जणांनी पाळली, याची मोजदाद ठेवण्याची व्यवस्था नव्हती. सुटलेली सवय परत लागणे हा आजाराचाच भाग असतो आणि त्या वेळी पुन्हा आधार लागतो, हे आजचे ज्ञान तेव्हा उपलब्ध नव्हते. मात्र गावाची रीत, पंगत आणि यात्रा बदलण्यावर त्यांनी दिलेला भर पाहता, माणसाला एकट्याच्या निर्धारावर सोडून चालत नाही, याची जाणीव त्यांना होती असे म्हणता येते.

अखेरचे दिवस

नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईतील वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात झालेले त्यांचे कीर्तन अखेरच्या कीर्तनांपैकी एक होय. त्याचे ध्वनिमुद्रण झाल्याने त्यांचा आवाज, लय आणि श्रोत्यांशी चाललेला संवाद आजही ऐकता येतो. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे निधन झाले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर रोजी, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडगे महाराजांची प्राणज्योत मालवली. अमरावती शहरात त्यांची समाधी असून तो भाग गाडगेनगर या नावाने ओळखला जातो.

वारसा

प्रबोधनकार ठाकरे यांनी महाराजांच्या हयातीतच त्यांचे चरित्र लिहिले. अमरावती जिल्ह्यातील परतवाडा येथे जन्मलेले कादंबरीकार गो. नी. दांडेकर यांना महाराजांचा सहवास लाभला होता. त्यांनीही चरित्रलेखन केले. महाराजांच्या जीवनावरील देवकीनंदन गोपाला हा मराठी चित्रपट १९७७ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात डॉ. श्रीराम लागू यांनी मुख्य भूमिका साकारली. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ असे नाव देण्यात आले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ पासून राबवलेले ग्रामस्वच्छता अभियानही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

खराट्यामुळे स्वच्छतेचे कार्य सर्वांच्या स्मरणात राहिले. व्यसनमुक्तीचे कार्य तुलनेने मागे पडले. ते माणसांच्या सवयीत, पंगतीच्या ताटात आणि घराच्या जमाखर्चात घडत होते आणि त्याची स्मारके उभारता येत नाहीत. कर्जमुक्त राहिलेले शेत आणि शाळेत गेलेले मूल हीच त्यांची खूण.